नाव लिहा म्हणालो आणि फसलो

आमच्या निपाणीत तंबाखू हवेतच असते. नवा मास्तर वर्गात पहिल्यांदा शिंकला की ती शिंक संकेश्वरच्या स्टँडवर ऐकू येते. माझी तर चिकोडीपर्यंत गेलती. अशा गावात नववीच्या पोरांना तंबाखूवर माहितीपर लेखन दिलं, तर अडतीस वह्यांत एकच मजकूर. सगळा फोनमधला. ब्राझीलपासून सुरू झालेला आणि निपाणीच्या अलीकडंच संपलेला.

वह्या परत केल्या. म्हणालो, “फोनला ठाऊक नसलेला एक प्रश्न काढा. ज्याला ठाऊक असंल त्याला जाऊन विचारा. आणि सांगणाऱ्याचं नाव खाली लिहा. बिननावाची माहिती म्हणजे चोरीचा माल.” हे असं काही गरजलो की खिडकीतली कबुतरं कायमची गाव सोडून गेली.

चौथ्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीनं तक्ता आणला. प्रश्न होता: वखारीत दिवसभर तंबाखू निवडणाऱ्या बाईला संध्याकाळी चव कशाची लागते? उत्तर: कशाचीच नाही. धूळ नाकात बसते, चहा नुसत्या गरम पाण्यासारखा लागतो, तोंडाला बांधायचं फडकंही घरनं न्यावं लागतं. खाली ठळक अक्षरांत आईचं नाव. मी नाचायचाच काय तो बाकी होतो. शाळेचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर होतं, तक्ता त्याच्या दारातच लावला.

दुपारी तिची आई आली, वखारीतनं तासाची सुट्टी मागून. तक्त्यापुढं उभी राहिली.

“सर, उद्या उद्घाटनाला कोण येणार हाईत?”

सांगता सांगताच माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा समितीचे अध्यक्ष. दरवर्षी तेच येतात. दुसऱ्या कुणाच्या कात्रीला आमची फीत दादच देत नाही. आणि ही ज्या वखारीत जाते, ती त्यांचीच.

“माझं नाव काढा,” ती हळू म्हणाली. “सोमवारी मला दारातनंच परत पाठवतील.”

मुलगी मध्ये आली. “नाव काढलं तर चोरीचा माल हुतोय, आई. सरच म्हणालेत.”

“सरांचं पोट वखारीवर हाय काय गं?”

एरवी माझ्या तोंडापुढं वकील हरतात. त्या दिवशी एका वाक्यात मी हरलो. तक्ताच उतरवावा, असं ओठांवर आलं होतं. मुलीचा चेहरा बघून गिळलं. शेवटी विचारलं, “वखारीचं काम सोडलेल्या बाया हाईत कुणी?”

आईनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, “आमच्या गल्लीत तिघी हाईत. म्हाताऱ्या.”

संध्याकाळी मुलगी वही घेऊन त्यांच्याकडं गेली. तिघींनी तेच सांगितलं, वर आणखी चार गोष्टी. एक म्हणाली म्हणे, “माझं नाव मोठ्ठं लिव्ह. मला आता यमच कामावरनं काढंल.” सकाळी जुना तक्ता उतरला, नवा चढला. खाली तीन नावं.

फीत कापून मालक आत आले. बाकीचे तक्ते त्यांनी चालत्या गाडीतनं बघावेत तसे बघितले. इथं थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, शेवटपर्यंत वाचलं. माझ्या छातीतली धडधड ऐकून शेजारच्या मास्तरांनी खिशातला मोबाईल चाचपला.

“ही म्हातारी अजून हाय?” त्यांनी एका नावावर बोट ठेवलं.

“व्हय,” मुलगी म्हणाली.

“तुझी आई कुठं असते कामाला?”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. “तुमच्याकडंच.”

“मग तिला न्हाय विचारलंस?”

“विचारलं की. पण ती अजून कामावर हाय न्हवं.”

मालकांनी ती तीन नावं पुन्हा एकदा वाचली. मग पुढच्या, गुळाच्या तक्त्याकडं सरकले.

सोमवारी शाळेआधी मी वखारीसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभा राहिलो. तीन कप प्यालो. लोकांना तेवीस सांगतो. बायांची रांग आत चालली होती. मुलीची आई शेवटून दुसरी. दारावरच्या माणसानं तिला थांबवलं, काहीतरी विचारलं. मी कप हातात तसाच धरून. मग तो बाजूला झाला आणि ती आत गेली.

आता लेखनाच्या तासाला फळ्यावरची पहिली ओळ मीच लिहितो: सांगणाऱ्याला आधी विचारा, तुमचं नाव लिहू का? ही ओळ वाचताना मात्र मी गरजत नाही.