थोरल्याच्या भेगेतली करंगळी

लग्नं हुंड्यापायी अडतात, पत्रिकेपायी अडतात. माझं लग्न एका धोंड्यापायी अडलं होतं.

निपाणीच्या अलीकडे, घाटाच्या कुशीत आमचं गाव. आमच्या घराच्या परसातून चढण सुरू होते आणि चढणीच्या डोक्यावर, कड्याला टेकून, घराएवढा काळा धोंडा उभा आहे. कड्यात आणि त्याच्यात एक उभी भेग. गावात त्याला सगळे ‘थोरला’ म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. त्याच्या पायाशी जन्मलेल्याला त्याची भीती वाटत नाही. पण आपली मुलगी त्याच्या पायाशी द्यायची म्हटलं की माणसाची नजर बदलते, हे मला तेव्हा चांगलंच कळलं.

मी गावच्या शाळेत मास्तर. नाकीडोळी बरा, पगार महिन्याच्या महिन्याला, व्यसन फक्त चहाचं. स्थळं यायची. मुलीकडचे घर बघायला यायचे, पोहे खायचे, माझ्या अक्षराचं कौतुक करायचे आणि हात धुवायला परसात जायचे. तिथं वर मान जायची. परत आले की बोलणं सुपारीवर आणि पावसापाण्यावर यायचं, आणि मग निरोप यायचाच बंद व्हायचा. असं इतक्यांदा झालं की आईने हात धुवायचं पाणी पुढच्या दारी ठेवायला सुरुवात केली.

मग उचगावच्या एका मळेवाल्याच्या मुलीचं स्थळ आलं. हा गृहस्थ संशयी म्हणून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत प्रसिद्ध. त्याच्या विहिरीचं दगडी बांधकाम एका पावसाळ्यात सगळंच्या सगळं आत बसलं होतं, तेव्हापासून त्याचा दगडावर विश्वास उरला नव्हता. ही कीर्ती आईच्या कानावर आली होती. तो यायच्या आदल्या दिवशी ती चुन्याची घमेली घेऊन वर गेली आणि हात पोचेल तिथपर्यंत भेग लिंपून आली. मला पत्ताच नाही.

पाहुण्याने पोहे निम्मे ठेवले आणि सरळ चढण धरली. भेगेपाशी उभं राहून काठीचं टोक मारलं. चुन्याचा पापुद्रा ढासळून त्याच्या पायावर पडला.

“आक्का,” तो आईकडे वळून म्हणाला, “दगडाला पावडर लावलीसा व्हय?”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण माणूस हसत होता. बाकीचे न बोलता निघून गेले होते, हा निदान बोलला तरी. म्हणाला, “पोरगा मला पसंत हाय. धोंड्याचं मात्र एका दिसात कळत न्हाय. हुबा हाय का चालतोय, हे बघाय एक पावसाळा आन एक उन्हाळा जावा लागतो. वर्षानं परत बघू. भेग हाय तेवढीच असली तर लगीन. वाढली तर राम राम.”

भेग मोजायची कशी, यावर तिथंच चर्चा रंगली. मी शाळेतली पट्टी आणली. भेग आत वेडीवाकडी, पट्टी शिरेना. मी लाकडाची पाचर सुचवली. तो म्हणाला, लाकूड पावसात फुगतं. दोरा ताणला जातो. खिळा गंजतो. स्वतःचं बोट घालून पाहिलं, तर ते वांग्याएवढं. शेवटी म्हणाला, “माझ्या लेकीची करंगळी बसंल. लेक घरातलीच हाय, माप कुठं हरवत न्हाय.”

त्या काळी मुलगी लग्नाआधी सासर बघायला येत नसे. पण मार्गशीर्षात आमच्या डोंगरावरच्या देवाची जत्रा असते, तिला कोणीही येऊ शकतं. त्या निमित्ताने ती आईवडिलांबरोबर आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरी, धोंड्याच्या भेगेत करंगळी घालताना. सकाळची वेळ होती, थोरल्यावर ऊन पडायच्या आतली. दगड उन्हाने फुगतो, म्हणून दर वेळी हाच महिना आणि हीच वेळ, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि अडकली. चांगलीच अडकली. तिने ओढली, वडिलांनी तिला ओढलं, बोट काही निघेना. मग माझी आई खाली धावत जाऊन गोडेतेलाची वाटी घेऊन आली. बोट सुटलं तशी ती लाजून लालबुंद झाली आणि हसायला लागली. तिच्या हसण्याने मीही हसलो. त्या क्षणापासून मला त्या भेगेची खरीखुरी काळजी वाटू लागली.

ते वर्ष कसं गेलं ते मलाच ठाऊक. शाळा सुटली की मी वर. “मास्तर, नवरी बघाय निघालासा?” तंबाखूच्या गाड्या घेऊन निपाणीला जाणारे गाडीवान खालून ओरडायचे. पावसाळ्यात ओढा तांबडा झाला की मी रात्रीही कंदील घेऊन वर जायचो. उन्हाळ्यात थोरल्याच्या माथ्यावर शेळी उडी मारायची आणि माझंच काळीज हलायचं. आई रोज त्याच्यासमोर उदबत्ती लावून सांगायची, “बाबा, यंदाचं वर्ष तेवढं हलू नगंस.”

पुढची जत्रा आली. या वेळी मी तयारीत होतो. तेलाची वाटी हातात घेऊन चढणीवर उभाच होतो. तिने पदर सावरला, करंगळी घातली. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, “घट्ट हाय, आप्पा. मागल्यावानीच.”

तिच्या आप्पांनी पागोटं काढून थोरल्याला नमस्कार केला. आई रडायला लागली. बोट केव्हा निघालं, तेल लागलं की नाही, कोणाचंच लक्ष नव्हतं. वाटी मी तशीच भरलेली खाली आणली. माघात लग्न झालं.

पहिल्याच पावसाळ्यात एका दुपारी शाळेतून भिजत आलो, तर ही दारात बसलेली. शेजारी कपड्यांचं गाठोडं, नजर परसाकडे. मला वाटलं, आईशी भांडण झालं. विचारलं तर रडतच म्हणाली, “त्या दिशी बोट सैल बसलंतं. भेग वाढल्याली हाय.”

“मग खोटं का बोललीस?”

“तुमी वाटी घिऊन हुबा हुतासा नव्हं!”

आधी मला राग आला. सगळं घर हिने त्या दगडाखाली पणाला लावलं होतं. मग हसू आलं, कारण माझ्यासाठी आयुष्यात कोणी इतकं मोठं खोटं बोललं नव्हतं. आणि मग मीही वर पाहिलं, आणि हसू गेलं. तिच्या वडिलांना कळवलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले असते आणि तिला घेऊन गेले असते. ते आम्हा दोघांनाही नको होतं. गाठोडं मी सोडलं. ठरलं एवढंच, की दर जत्रेला बोट घालून बघायचं आणि आणखी सैल लागलं की घर हलवायचं.

तसं दर जत्रेला पाहत आलो. पहिली काही वर्षं बोट तसंच बसलं. मग मुलं झाली, दळण-कांडण, धुणी, भाकऱ्या. बोट हळूहळू घट्ट बसायला लागलं. पुढे पहिल्या पेरालाच थांबायला लागलं. “अवो, मिटत चाललंय बघा,” ती खूश होऊन म्हणायची. मी हो म्हणायचो. तिची बोटं भाकरी थापून थापून जाड झाली होती, हे मला दिसत होतं. पण बायकोला तसं सांगायची हिंमत कोणाची? एका गोष्टीने मात्र माझी झोप उडायची. माप बिघडलं होतं. थोरला चालतोय की उभा आहे, हे सांगणारं आता कोणीच उरलं नव्हतं. सासरे आले की विचारायचे, “थोरला कसा हाय?” आम्ही दोघं एकाच सुरात म्हणायचो, “झकास!”

यंदा जत्रेला थोरली मुलगी वर आली. तिचं लग्न ठरतंय. बायकोच्या लग्नातल्या, पण पहिल्या जत्रेच्या वर्षीच घडवून ठेवलेल्या चांदीच्या बांगड्या परवा तिच्या हातात घातल्या, तर जणू तिच्याच मापाने घडवल्यासारख्या बसल्या. बायकोने नेहमीप्रमाणे करंगळी लावली, नखापलीकडे जाईना. “मिटलंच की वो!” ती म्हणाली. मुलीला गंमत वाटली. “बघू, मी घालते,” म्हणून तिने बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि अडकलं.

“अण्णा, निघंना!”

बायको माझ्याकडे बघतच राहिली. “म्हंजी त्या वर्सी...”

“त्या वर्षी तूच वाळली होतीस,” मी म्हणालो. “जेवत होतीस का कधी धड?”

“कशी जेवणार? घास गिळंना. धोंडा हालला तर काय, हेच सारखं डोस्क्यात.” एवढं बोलून ती थोरल्यालाच टेकून बसली. इतक्या पावसाळ्यांचं ओझं तिच्या अंगावरून उतरलं आणि ती हसत हसत रडायला लागली. माझेही डोळे भरून आले.

मुलीला काहीच कळेना. ती हात ओढत ओरडत होती.

“वडू नगंस गं,” बायको डोळे पुसत म्हणाली. “तुझं अण्णा तेल आणत्यात.”

गुडघे कुरकुरत होते, तरी मी धावतच खाली गेलो.