वहिनींचे तीन दिवे

हजार वॅटचा दिवा कधी थोबाडासमोर पेटवून घेतलाय तुम्ही? डोळे बारीक होतात, नाक फेंदारतं आणि फोटोत आपण चोरी करताना सापडल्यासारखे दिसतो. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत मात्र कुणी तसं दिसलं नाही. लोक म्हणायचे, फोटोग्राफरचा हात सोन्याचा. हात! अहो, दिवे कोण लावत होतं?

त्याची बायको, आमच्या वहिनी, लावत होत्या. रंगवलेल्या पडद्यामागे, भिंतीवरच्या तीन जाड खटक्यांपाशी उभ्या राहून. नवऱ्याने "आता!" म्हटलं की आधी बाजूचा दिवा, मग वरचा, आणि गिऱ्हाईक सैलावलं की समोरचा. पडद्याला एक भोक होतं, त्यातून पुढे बसलेल्याची फक्त पाठमोरी मान दिसायची. मान ताठ असली की वहिनी थांबायच्या, नवरा कितीही खेकसू दे. दिव्यावरची धूळ तापल्याचा वास, आरशापुढच्या पावडरचा वास, खटक्याचा तो दणदणीत खट्ट... लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. बाजारात पाठमोरा माणूस त्या लांबून ओळखायच्या, तोच समोरून आला की, "कोण हो आपण?"

मग गुडघ्यांनी दावा साधला. मुलीने रिमोटवर चालणारा स्विच आणला. "बाबा, आता आईला उभं राहायला नको."

"झकास!" नवरा खूश. "अगं, तू आता घरी बस. आराम कर."

वहिनींनी डबी उलटसुलट करून पाहिली. जन्मभराचं काम एका चिमुकल्या डबीने गिळलं, आणि वर आराम म्हणे!

डबी निघाली पंख्याच्या लायकीची. हजार वॅटचा झटका बसताच आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले. बटण कितीही दाबलं तरी दिवा विझेना. शेवटी मेन स्विच पाडला तेव्हा कुठे सुटका. मुलगी ओशाळली. वहिनींना, खरं सांगायचं तर, मनातून गुदगुल्या झाल्या.

पण नवरा हट्टाला पेटला. दोघं नवराबायको दुकानात गेली. दुकानदाराने मोठा भार पेलणारा स्विच पुढे ठेवला. "तिन्ही दिवे एका बटणावर, काका. एकदम लख्ख!"

"एकदमच नकोत," वहिनी म्हणाल्या. "दर दिव्याला वेगळा स्विच द्या. रिमोटवर तीन बटणं."

"तीन कशाला?" नवरा वैतागला. "मी कॅमेरा सांभाळू की बटणं?"

"तेच तर म्हणतेय मी."

स्विच वहिनींच्या मनासारखे घेतले. आणि रिमोट? तो गेला नवऱ्याच्या खिशात. बघा, झाली का नाही पंचाईत!

दुसऱ्या दिवशी एक म्हातारं जोडपं आलं. वहिनी गिऱ्हाइकांच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या. नवऱ्याने कॅमेऱ्याला डोळा लावला.

"आता!"

काही नाही.

"अगं, आता! झोपलीस का काय?" पडद्याकडे तोंड करून तो ओरडला.

"जागीच आहे," बाकावरून आवाज आला. "दिवे तुमच्या खिशात आहेत."

म्हातारी इतकी हसली की तिचे खांदे हलायला लागले. नवरा कानापर्यंत लाल. त्याने खिशातून रिमोट काढला. मग त्याने कॅमेऱ्याशेजारी खुर्ची ओढली, वहिनींना हाताला धरून तिच्यावर बसवलं आणि रिमोट त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"तू नसलीस तर मी 'आता' कुणाला म्हणू?" तो पुटपुटला.

वहिनींनी बाजूचा लावला. वरचा लावला. तिसऱ्या बटणावर अंगठा थबकला. उभ्या जन्मात फक्त माना पाहिल्या, आज अख्खे चेहरे समोर होते. म्हातारीचं हसू ओसरत होतं, पण डोळ्यांत अजून शिल्लक होतं, आणि म्हातारा कॅमेरा विसरून तिच्याकडेच बघत होता.

तेव्हा दाबलं बटण.

त्या स्टुडिओत कधी गेलात तर कॅमेऱ्याकडे बघायच्या आधी शेजारच्या खुर्चीकडे बघा. वहिनींना फोटोग्राफरची मदतनीस म्हणू नका. एवढंच सांगा, "वहिनी, लावा तुमच्या सवडीने."