बँकेच्या पायरीवरचं कांडण

माले गावच्या बायकांचे पैसे ज्या बँकेत बुडाले, ती बँक मी निवडली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं सांगता येईल.

साठ सालच्या आगेमागे मी मालेच्या शाळेत मास्तरीण होते. नवरा पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा. तो लाल बावट्याचा. मी कुठल्याच बावट्याची नव्हते; मला फक्त मुलांचे पाढे पाठ व्हायला हवे असत.

त्या वेळी गावात भात घरोघरी उखळात कांडावं लागे. रोज पहाटे उठून तेच. वैतागून चौदा बायकांनी ठरवलं, गावात भाताची गिरणी आणायची. प्रत्येकीनं रोजच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढायची, महिन्याला तो तांदूळ पौडच्या बाजारात विकायचा. दोन वर्षं हे चाललं. पैसे साठल्यावर ते ठेवायचे कुठं, असा प्रश्न आला आणि मी त्यांना पुण्यातल्या एका खासगी बँकेत घेऊन गेले. संगमरवरी पायऱ्या होत्या, पितळी कठडे लखलखत होते.

"पायऱ्या बघून बँक निवडलीस?" नवरा म्हणाला होता.

"मग काय बघायचं असतं?"

"मालक कोण आहे ते."

वर्षभरानं एका शनिवारी तो आला तो चपला न काढताच दारात उभा राहिला. "अगं, तुमच्या बँकेनं दार लावलं." एवढंच बोलला. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यानं तेव्हाही काढले नाहीत, नंतरही नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी त्याची पुढची सगळी भाषणं माफ केली.

रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर चौदाही जणी जमल्या. सांगता सांगता मला रडू कोसळलं. त्यांच्यात एक वयस्क बाई होती, सगळा गाव तिला आत्या म्हणे. ती माझ्याजवळ सरकली.

"रडू नगा बाई. पैसं तुमी खाल्लं न्हाईत. कुनी खाल्लं, त्ये सांगा."

नवरा पुढं झाला. बँकेच्या संचालकांनी ठेवीदारांचे पैसे आपल्याच कारखान्यांना उसने दिले होते, कारखाने बसले आणि बँकही बसली. आता सरकारनं पाठीशी उभं राहावं, बँक मोठ्या बँकेत घालावी, अशी त्यांची खटपट चालली होती. मला वाटलं, बरंच झालं की! पण तो तिथून भांडवलशाहीच्या अरिष्टावर गेला. अर्धा तास झाला. एकीनं मांडीवरच्या पोराला झोपवलं आणि स्वतःही डुलक्या घ्यायला लागली.

"जावईबापू," आत्या म्हणाली, "आता आमच्या बोलीत सांगा."

तो थबकला, मग हसला. "नफा झाला तो त्यांनी आपसात वाटला, आत्या. आता तोटा झालाय, तर तो सगळ्यांत वाटायला निघालेत."

"आसं व्हय!" आत्यानं कपाळावर हात मारला. "धरणात आमचं शेत बुडालं, तवा कुनी आलं न्हाई हात द्यायाला. शेटजीची बँक बुडली की लगी सरकार धावतंय?"

"सरकारनं धावावं, पण ठेवीदारासाठी. आणि पैसा लोकांचा घालायचा, तर बँकसुद्धा लोकांची करावी."

"मंग चला की सांगाया. उखळ घिऊन जाऊ. गिरनी देत न्हाईत, तर आमचं भात बँकेनं कांडावं!"

सगळ्या खो खो हसल्या. नवऱ्याला मात्र ते पटेना. निवेदन असावं, घोषणा असाव्यात, उखळ कशाला? बायकांनो उठा, असं आयुष्यभर ओरडणारा माणूस, बायका खरंच उठल्यावर गडबडला होता. चौदा विरुद्ध एक असा ठराव झाला.

मंगळवारी सकाळी दोन लाकडी उखळं, चार मुसळं आणि भाताचं एक पोतं एसटीच्या टपावर चढलं. कंडक्टर म्हणाला, "ह्यांचं तिकीट?"

"त्यास्नी बसाया जागा दिली का तू?" आत्यानं विचारलं. त्यानं निमूट घंटी मारली.

बँकेच्या पायरीवर उखळं मांडली आणि कांडण सुरू झालं. दणादण मुसळं पडायला लागली तशी आत्यानं ओवी उचलली:

"शेटजीच्या बँकेची गं पायरी गुळगुळीत,
मूठमूठ तांदूळ माझे गेले कुणाच्या झोळीत!"

बघता बघता रस्ता भरला. त्यात आमच्यासारखेच पैसे अडकलेले कितीतरी होते. एक पेन्शनीतला पोस्टमन होता, एक कासारीण होती. कासारीण बांगड्यांची पाटी खाली ठेवून मुसळाला हात लावायला आली. मीही पदर खोचला. इतक्या वर्षांत गावात मी कधी भात कांडलं नव्हतं. पहिल्या दहा घावांत हाताला फोड आला आणि मला लहान मुलीसारखं हसू येत राहिलं.

बुडालेल्या बँकेचा कारभार बघायला सरकारनं नेमलेले साहेब बाहेर आले. "बाई, हे काय चाललंय?"

"कांडन," आत्या म्हणाली. "आमची गिरनी तुमच्या कपाटात हाय, तवर हितंच कांडायचं."

छापखान्यातून सुट्टी काढून आलेल्या नवऱ्याकडं मी बघितलं. तो पुढं झाला आणि त्या दिवशी त्यानं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं. "साहेब, सरकार मदत करणार असेल, तर लहान ठेवीदार आधी. संचालक सगळ्यात शेवटी."

वचन देता येणार नाही, साहेब म्हणाले. पण लहान ठेवीदारांची वेगळी यादी त्यांनी तिथंच करायला घेतली. पोस्टमननं आतून टेबल आणून मांडलं, मी नावं लिहिली. निघताना आत्यानं साहेबांपुढं ओंजळभर आंबेमोहर धरला.

"लाच होईल हो, आजी!"

"लाच आसंल तर कच्चाच परत द्या. शिजवून खाल्ला तर पावनचार."

साहेबांनी रुमाल पसरला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बँक दुसऱ्या बँकेत गेली, संचालकांपैकी एकालाही झळ लागली नाही आणि नवरा आठवडाभर धुसफुसत होता. पण लहान ठेवीदारांना आधी मिळाले. आमचे पैसे थोडे कापून आले. कमी पडलेले पैसे गावच्या सोसायटीनं कर्जाऊ दिले आणि पुढच्या सुगीला जुनी पण धडधाकट गिरणी मालेत आली.

पहिल्या दिवशी अख्खा गाव पोती घेऊन रांगेत उभा होता. उद्घाटनाला नवऱ्यानं कागद काढला, तेवढ्यात कुणीतरी इंजिन सुरू केलं. धडधडाटात त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते. आत्यानं गिरणीतून निघालेल्या गरम तांदळाची मूठ घेऊन त्याच्या खिशात घातली. तरी तो शेवटपर्यंत बोलला आणि आम्ही सगळ्यांनी, एक शब्द कळला नसताना, कडाडून टाळ्या वाजवल्या.