भुताच्या सिनेमातले शेंगदाणे

लेकरांनो, आज कढईत शेंगदाणे तडतडले आणि तुमचे आजोबा आठवले. नव्वदच्या दशकात तुमची आई शिकायला वसतिगृहात गेली, घरात आम्ही दोघेच उरलो. तेव्हा त्यांनी मला हिंगोलीत दुपारच्या खेळाला, भुताच्या हिंदी सिनेमाला नेलं. सिनेमा अगदीच टुकार होता.

"अहो, भुताच्या मुखवट्याची शिवण दिसतेय!" मी मोठ्यानं म्हणाले. सगळी रांग हसली.

"भेव न्हाई वाटलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं आणि आमच्या खुर्च्यांमधल्या दांड्यावर तळहात उताणा ठेवला.

मी त्यात माझ्या पुडीतले शेंगदाणे ठेवले. त्यांनी ते निमूटपणे खाल्ले. पुन्हा कधी सिनेमाचं नाव काढलं नाही.

तो हात माझ्या हातासाठी होता, हे मला ते गेल्यानंतर कळलं.