गोष्टीतून काढलेली बाई

मी काळी होते. सावळी हा शब्द आई पाहुण्यांसमोर वापरायची. गावात मला काळीच म्हणत.

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात ऊस होता, घरटी एक माणूस पलटणीत होता आणि मुलीचा रंग हा सगळ्या भावकीचा विषय होता. मी सातवीची फायनल पास झाले त्या वर्षी आईनं माझ्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय लावायला सुरुवात केली. दुपारची भांडी आवरली की मला समोर बसवून ती इतकं रगडायची, की गाल हुळहुळायचे. "जरा उजळशील गं," म्हणायची. ती दुष्ट नव्हती. दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि दोन्हीकडून कारण एकच सांगितलं होतं, तेही लोकांमार्फत.

दुसरी मोठी लढाई संपली आणि आबा, माझे वडील, घरी आले. ते हवालदार होते. आसामच्या जंगलात हिवतापानं त्यांना पार वाळवून टाकलं होतं. तेव्हा आमचा तालुका सातारा जिल्ह्यातच होता, त्यामुळं पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला जावं लागे. एकदा त्यांनी मला बरोबर घेतलं. कचेरीतला साहेब दुपारनंतर येणार होता. बाहेर ऊन होतं. आबा म्हणाले, "चल, थेटरात बसू. गार तरी वाटंल."

तिथं इंग्रजी चित्रपट लागला होता, नाचगाण्यांचा. बायकांची जागा वेगळी होती, पण आबांनी मला शेजारीच बसवून घेतलं.

गोष्ट मला कळली नाही. एक गोरी मुलगी, एक गोरा मुलगा, मोठं घर, सारखं रुसणं आणि गाणं. त्या घरात एक काळी मोलकरीण होती. डोक्याला पांढरी पट्टी, पुढं पांढरं फडकं बांधलेलं. ती यायची, तबक ठेवायची, डोळे मोठ्ठे करायची आणि लोक हसायचे. मागून कोणीतरी ओरडलं, "आली बघा कोळशाची वखार!" सगळं थेटर खदखदलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

मग मालक मंडळी बाहेर गेली आणि ती स्वयंपाकघरात एकटी उरली. तिनं हातातलं फडकं टेबलावर टाकलं, एक पाय पुढं घेतला आणि टाच आपटली. मग चवडा. मग दोन्ही. तिच्या बुटांच्या तळाला पत्रे ठोकलेले असावेत. हलगी तापवून कोणी कडकडून वाजवावी तसा आवाज निघायला लागला, आणि त्या आवाजावर ती गायला लागली. जाड, खालचा गळा. कमरेवर अंग जवळजवळ हलत नव्हतं, खाली पाय मात्र दिसेनासे झाले होते. तिचे डोळे आता मोठ्ठे नव्हते. ती सरळ आमच्याकडं बघत होती. कोणाला हसवायचं काम तिनं सोडून दिलं होतं.

थेटरात कोणी हसलं नाही. मी पदर कधी खाली घेतला ते मला कळलं नाही.

दार उघडलं, मालक आत आले, तिनं फडकं उचललं. त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत ती दिसली नाही.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, "आबा, ती परत का आली न्हाई?"

"तिचं काम संपलं."

"सगळ्यात चांगलं तर तीच नाचली."

आबांनी बशीतला चहा फुंकला. "आसामात आमच्या शेजारी अमेरिकेची पलटण हुती. सगळी काळी माणसं. डोंगर फोडून रस्ता त्यांनी काढला. पन त्यांच्या गोऱ्या शिपायांचं तंबू येगळं, ह्यांचं येगळं. जेवायची रांगसुदिक येगळी. पाऊस उघडला की ही पोरं फळ्या टाकायची आन् बुटं घालून असंच नाचायची. गोरं सायेब लांब हुबं ऱ्हाऊन बघायचं."

"तुमी बघितलंय असलं?"

"बघितलंय काय, एकानं मला एक चाल शिकवली." ते कसनुसं हसले. "माझं पाय नांगरामागं चालून बसलेलं. पन तेवढी एक जमली."

घरी आल्यावर मी त्यांच्या मागंच लागले. गोठ्याचं जुनं सागवानी दार परसात आडवं पडलं होतं. आबांनी पलटणीचे बूट काढले. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल. ते त्या दारावर चढले आणि ती एक चाल करून दाखवली. टाच, चवडा, टाच, मग पाय मागं घासून थांबायचं. दम लागून ते खाली बसले आणि बूट माझ्याकडं सरकवले. मी बुटांत चिंध्या कोंबल्या आणि त्या दारावर उभी राहिले. एका चालीच्या पुढच्या चाली माझ्या मीच काढल्या, थोड्या आठवून, बऱ्याचशा चुकवून.

आवाज ऐकून आई धावत आली. "आवं, तमाशात घालायची हाय का पोरगी?"

आबा म्हणाले, "तमाशातल्या बाया काय चोरी करत्यात? पाय झिजवून खात्यात."

त्यावर आई घरात निघून गेली. पीठ आणि साय मात्र बंद झाली नाही.

त्या हिवाळ्यात फलटणकडचे पाहुणे मला बघायला आले. सोप्यात घोंगडी अंथरली होती. मुलगा मान खाली घालून बसला होता, बोलायचं काम त्याच्या मामाकडं होतं. मामानं माझे हात बघितले, केस बघितले, फायनलचे मार्क विचारले. मग माझ्या देखत आबांना म्हणाला, "आमाला कुणी सांगितलं न्हवतं एवढी काळी हाय म्हनून. बरं, आलोच हाय तर चालून दाखवू द्या. पायात तरी दोष नसावा."

आई माजघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. कितीतरी दुपारी रगडून रगडून तिनं जे पीठ लावलं होतं, ते सगळं त्या एका वाक्यात धुऊन गेलं होतं.

"गाता येतं का?" मामानं विचारलं.

"येतं," मी म्हणाले. "आत्ता आले."

आत जाऊन मी आबांचे बूट घातले. आईनं माझा दंड धरला, माझ्याकडं बघितलं आणि सोडला. का सोडला, हे तिनं पुढं कधी सांगितलं नाही. मी सोप्यात आले. फरशीवर खिळ्यांचा आवाज झाला तसे सगळे वर बघायला लागले. मी जात्यावरची एक ओवी घेतली आणि तिच्या लयीत टाच आपटली. चवडा, टाच, मागं घासून थांबा. ओवी सरळ चालली होती आणि पाय तिच्या आजूबाजूनं पळत होते. भीती वाटत होती. पण मी खाली बघितलं नाही. मामाच्या तोंडाकडं बघत राहिले.

मामा उठला. "ही काय थट्टा लावलीय?"

आबा जागचे हलले नाहीत. "बसा. गाणं संपू द्या."

"आमाला न्हाई ऐकायचं."

"तुमीच म्हनला चालून दाखव. चालतीय ती. दोष हाय का पायात, बघा."

मामा बसला नाही. पाहुणे निघून गेले. मुलानं मात्र जाता जाता मागं वळून माझ्या पायांकडं एकदा बघितलं. मी ओवी पुरी करूनच थांबले.

गावात पुढं काय झालं असेल, ते सांगायला नको. विहिरीवर बायका माझ्यासमोर टाचा आपटायच्या. आता स्थळ कुठून येणार, असं भावकीनं आबांना विचारलं. त्यांनी उत्तर म्हणून मला सांगलीला मास्तरणींच्या ट्रेनिंगला घातलं. मोटारीपाशी आईनं लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, "उन्हात हिंडू नगंस." मग स्वतःशीच हसली आणि डोळे पुसले.

सांगलीत मी इंग्रजी अक्षरं शिकले. दुसऱ्या वर्षी तोच चित्रपट आठवड्यासाठी तिथं आला. मी वसतिगृहातल्या मुलींना सांगून सांगून भंडावून सोडलं होतं. तिथल्या बाईंची परवानगी काढून आम्ही एक रांगभर मुली रविवारी सकाळच्या खेळाला गेलो. सुरुवातीच्या नावांत मी तिचं नाव शोधलं. कोणतं तिचं, ते कळायला मार्ग नव्हता. मोलकरीण असं कोणापुढंही लिहिलं नव्हतं.

तबक आलं. मोठ्ठे डोळे आले. लोक हसले. मालक बाहेर गेले, ती स्वयंपाकघरात आली, तिनं फडकं टेबलावर टाकलं, आणि पडदा एकदम दचकला. मालक आत आलेले होते. तिच्या हातात फडकं होतं.

नाच नव्हता.

चित्रपट संपल्यावर दिवे लागले. मी उठून व्यवस्थापकाला गाठलं. "नाच कुठं गेला?"

"कुठला?" त्याला खरंच आठवेना. मग म्हणाला, "हां, तो. पिक्चर लांब होतं, दुसऱ्या खेळाला उशीर होतो. आम्ही तेवढा काढतो, रीळ परत पाठवताना जोडून देतो. अहो, गोष्टीला काही धक्का लागत नाही. तिकडं अमेरिकेतसुद्धा काही गावांत असले तुकडे काढून दाखवतात म्हणे. काढता यावेत असेच घेतलेले असतात."

एवढं नाचवून तिला अशा जागी उभं केलं होतं, की ती नसली तरी कोणाला उणीव भासू नये.

"आम्ही तिच्यासाठी आलोय," मी म्हणाले. "तो तुकडा लावा. त्याशिवाय उठणार नाही."

"वेड लागलंय का? बाहेर पुढच्या खेळाची माणसं थांबलीत!"

"थांबू देत."

मी जाऊन जागेवर बसले. मला वाटलं होतं, मुली ओशाळून निघतील. शेजारी वाईची एक मुलगी होती, गोरीपान, कधी कोणाला उलटून न बोललेली. ती परत खाली बसली. मग बाकीच्या बसल्या. व्यवस्थापकानं बाईंना कळवायची धमकी दिली. बाहेरचे लोक दार वाजवायला लागले, काही आतच आले. शेवटी तो वर यंत्राच्या खोलीकडं बघून ओरडला, "लाव रे ते एकदाचं!"

गोष्ट नाही, मालक नाहीत, तबक नाही. पडद्यावर फक्त ती आली. आत शिरलेली माणसं भिंतीला टेकून उभ्यानं बघत होती. कोणीतरी रंगावरून काहीतरी बोललं, तेव्हा वाईच्या मुलीनं मागं वळून म्हटलं, "गप्प बसा." तो गप्प बसला.

तुकडा संपला तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "उद्यापासून तो जागेवर लावा."

वसतिगृहात बाई आम्हाला रागावल्या, त्यांनी पुढचे काही रविवार बंद केले. तरी दुसऱ्या दिवशी बाहेर राहणाऱ्या दोन मुलींना आम्ही थेटरात पाठवलं. त्या परत आल्या त्या जिन्यावर टाच, चवडा आपटतच. तुकडा जागेवर लागला होता.