आत्याला भीती वाटेना

माझी आत्या आयुष्यभर इस्पितळात नर्स होती, त्यातली बरीच वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात. निवृत्त झाल्यावर तिने आधी वाचनालयात नाव घातलं. तिला एकच पुस्तक हवं होतं, पडक्या गढीतल्या भुताची ती जगप्रसिद्ध कादंबरी. लहानपणी बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, ती तिच्या हातातून काढून घेतली होती. "तुला झेपणार नाही," एवढंच म्हणाले होते. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आठवड्याभराने आत्या पुस्तक घेऊन आमच्याकडे आली ती तणतणतच.

"दादा, हे काय रे? अर्धं पुस्तक नुसता वारा सुटलाय. उरलेल्या अर्ध्यात ती बाई बेशुद्ध पडते. आणि एक माणूस तिचे पाय वर उचलून धरेल तर शपथ. सगळे भाषणं करतात."

"आणि भूत?"

"आहे की. जिन्यात उभं असतं. काम ना धाम."

बाबा हसले नाहीत. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. "तळघराचं वाच जरा," ते म्हणाले.

आत्या केसपेपर वाचावा तशी वाचू लागली. भर दुपार होती, मी शेजारी मटार सोलत होते. दोन पानं झाली असतील नसतील, बाबा म्हणाले, "पुरे." त्यांच्या चहावर साय धरली होती. आत्याने सवयीने त्यांचं मनगट धरलं. नाडी धावत होती.

"तेव्हा कुठपर्यंत वाचलं होतंस?" तिने विचारलं.

"इथवरच. पुढे धीर झाला नाही. म्हटलं, माझी ही गत, तर तुझं काय होईल."

आत्याने पुस्तक मिटलं. निघताना जिन्यात मला म्हणाली, "मला वाटायचं, दादा मला मठ्ठ समजतो. नर्सिंगची परीक्षा मी त्या रागावरच पास झाले गं."

पुस्तक तिने परत केलं. ग्रंथपालांनी कसं वाटलं विचारलं, तर "रटाळ" म्हणाली आणि प्रवासवर्णन घेऊन आली, बाबांना वाचून दाखवायला.

बाबांनी ते उघडू दिलं नाही. आधी विचारलं, "ती बाई शेवटी वाचते का?"

"वाचते. लग्नही करते."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.