तहानलेली बॅटरी

"बॅटरी कामानं मरत न्हाई, तहानंनं मरती." कोंडीबाचं हे बोलणं इस्लामपूरच्या ट्रॅक्टरवाल्यांना पाठ झालं होतं. तो आटपाडीकडच्या मेंढपाळाचा पोर. तहान म्हणजे काय, हे त्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. अठरा वर्षं तो तिथल्या एका गॅरेजात रोज सकाळी एकेक बूच काढून बॅटऱ्यांची पातळी बघायचा आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचा, मेंढरं पाजावीत तसं.

सत्त्याण्णव साली तो सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई झाला. तिथं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विनोदिनीबाई लिथियम आणि गंधकाची बॅटरी करत होत्या. साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला लागतं तेच गंधक. पण ते बॅटरीतल्या द्रवात विरघळायचं, द्रव तांबूस व्हायचा आणि आठवड्याभरात बॅटरी गार. तीन वर्षांत चौदा द्रव वाया गेले. पंधरावा मात्र मेणानं बंद केलेल्या काचेच्या बरणीत चाळीस दिवस दिवाळीनंतरच्या कृष्णेसारखा नितळ राहिला.

"माझं सगळं हिच्यावर आहे. बरणीला हात लावू नका," बाई म्हणाल्या होत्या. कोंडीबानं लावला नव्हता.

एक्केचाळिसाव्या सकाळी बाई साताऱ्याला गेलेल्या. कोंडीबानं पाहिलं, द्रव बोटभर खाली उतरला होता. आतल्या लिथियमच्या पट्टीचं टोक कोरडं पडलं होतं. त्यानं झाकणाचं मेण खरवडलं आणि हळूच डिस्टिल्ड वॉटर सोडलं.

बरणी फुसफुसली. मग लालभडक जाळ उसळला. वाळूची बादली उपडी करून त्यानं तो विझवला खरा, पण नंतर टेबलावरची बाटली उचलून हुंगून पाहिली. पाण्यानं आग लागली होती.

दुपारी बाई आल्या. बरणी आपोआप फुटली म्हणता आलं असतं.

"बाई, पाणी मी घातलं. तहानलेली दिसली."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"हिला पाणी म्हणजे विष, कोंडीबा. लिथियम पाण्यानंच पेटतं. आणि हे मी तुम्हाला सांगितलंच नाही."

"सांगून बी पटलं नसतं," तो म्हणाला आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवून खाली उतरला.

फाटकाशी जीपचा ड्रायव्हर भाऊसो बॉनेट उघडून उभा होता. "आवं कोंडीबा, बॅटरीचं पाणी बघा की जरा."

कोंडीबाचा हात सवयीनं पुढं झाला. मग त्यानं तो सदऱ्याला पुसला आणि चालू लागला. बॉनेट तसंच धरून भाऊसो बघत राहिला. वरच्या खिडकीतून बाईही.